निरोप घेऊन राहिलेला माणूस

बातमी चांगली आहे, असं नर्स टेस हसत पद्माकरला म्हणाली. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून बॅगेत ठेवत ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत समजावत होती. शेवटच्या दिवसांतल्या माणसांना घरी येऊन बघणाऱ्या त्यांच्या टीमची काल मीटिंग झाली होती. पद्माकरचं वजन वाढत नव्हतं, छातीत पाणी नव्हतं, पायांची सूज गेली होती. तेव्हा आता त्यांनी यायचं कारण उरलं नव्हतं. नेहमीचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बघेल, पुढेमागे गरज लागलीच तर परत नाव घालता येईल. "यू आर डूइंग टू वेल फॉर अस, पद्मा," ती म्हणाली आणि तिने त्याचा खांदा थोपटला. दाराशी उभ्या असलेल्या सुरुचीने थँक यू म्हटलं. त्याच्या मुलीचं ते थँक यू त्याने नीट ऐकलं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा काहीसा तिचा आवाज झाला होता. मग टेसची गाडी ड्राइव्हवेतून मागे गेली आणि क्वेकर्स हिल या उपनगरातल्या त्या गल्लीत मॅगपाय पक्षी तेवढा ओरडत राहिला. पद्माकर उशीला टेकून आपल्या पावलांकडे पाहत बसला. हाडं दिसणारी, कोरडी, चांगली पावलं. त्याला वाटलं, आपण नापास झालो. सत्त्याहत्तराव्या वर्षी एकच परीक्षा शिल्लक होती, तिच्यातूनही आपल्याला बाहेर काढलं.

निरोप त्याने दीड वर्षापूर्वीच घेतला होता. तोही थाटात. फेब्रुवारी महिना होता, कल्याण सोडून लेकीकडे परदेशात आलेला तो वेस्टमीडच्या हॉस्पिटलात तिसऱ्यांदा भरती झाला होता. हृदय दमलंय, झडप बदलायचं ऑपरेशन करून पाहता येईल, पण टेबलावरून उतराल याची खात्री नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात नात रुचाच्या फोनवर बातमी आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, वय अठ्ठ्याण्णव, यांनी पुढचे उपचार थांबवलेत आणि उरलेले दिवस काढायला ते आपल्या गावी, आपल्या घरी गेलेत. पद्माकरने ती बातमी दोनदा वाचून घेतली. मग कल्याणच्या कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवताना लागलेल्या आवाजात, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कार्टर घरी गेला. मीही घरी जातो." सुरुची रडली. जावई सलिल खिडकीबाहेर बघत राहिला. त्याची बायको विमल पायथ्याशी ब्लँकेटची घडी घालत होती, तिने ती मोडली आणि पुन्हा घातली. त्याला तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं होतं, हे आता आठवलं की अंगावर काटा यायचा. आयुष्यात त्याने जी काही भाषणं केली, त्यांत ऐकणारे रडले असं ते एकच. घरी आल्यावर आठवडाभर व्हिडिओ कॉल चालले. कल्याणचा धाकटा भाऊ भास्कर, नाशिकची चुलतभावंडं, जुने विद्यार्थी, सगळ्यांचा निरोप झाला. मनगटावरचं घड्याळ त्याने सलिलला दिलं, पुस्तकं वाटली, रुचाला जवळ बसवून चार शब्द सांगितले. आणि मग तो मेला नाही. कार्टरही मेला नाही. महिना गेला, उन्हाळा सरला, हिवाळा आला. दारापर्यंत जाऊन, चपला घालून, सगळ्यांना येतो म्हणून झालेला पाहुणा परत आत येऊन बसावा आणि यजमानांनी पुन्हा चहा टाकावा, तसं चाललं होतं. आणि चहा टाकायला विमल होती.

कार्टर खरं तर विमलचाच. शहात्तर साली लग्न झालं तेव्हा कल्याणच्या दोन खोल्यांत ती दोघं एकमेकांशी काय बोलायचं ते न कळून वावरत असत. मीठ हवंय का, लाइट घालवू का, यापलीकडे शब्द फुटत नसे. लग्नाला वर्ष होत आलं असताना एक दिवस तो पेपर वाचत होता आणि पोळी लाटणारी विमल त्याच्या खांद्यावरून वाकून एका फोटोकडे बघत म्हणाली, यांच्या आई आमच्या विक्रोळीला होत्या. अमेरिकेचा नवा अध्यक्ष, आणि त्याची आई विक्रोळीला. तो हसला. पण खालीच छापलं होतं, की अध्यक्षांच्या मातोश्री उतारवयात सेवाभावाने मुंबईजवळ विक्रोळीला नर्स म्हणून राहून गेल्या. विमलचं लहानपण तिथल्याच कॉलनीतलं. दवाखान्यात एक म्हातारी गोरी नर्स होती, तिने आपल्याला सुई टोचली होती, असं ती सांगू लागली. ती त्यांचीच आई कशावरून, असं पद्माकरने विचारलं, तर म्हणाली, तिथे गोऱ्या म्हाताऱ्या काय ढिगाने होत्या का. त्या दिवशी पोळी करपली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती दोघं तासभर बोलत बसली. तेव्हापासून तो माणूस त्यांच्या घरातला झाला. घरची भुईमुगाची शेती म्हणून विमलने त्याला नाव ठेवलं, आमचे शेंगदाणेवाले. वडील वारले तेव्हा नौदलातली पाणबुडीवरची नोकरी सोडून तो शेती बघायला गावी परतला, हे पद्माकरने तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बायको ओरडली असेल. ओरडली होतीच, असं पुढे त्याच्या वाचनात आलं. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत तो दिल्लीला आला तेव्हा विक्रोळीला येत नाही म्हणून ती रुसली. इजिप्त आणि इस्रायलच्या प्रमुखांना त्याने डोंगरातल्या घरात कोंडून घालून समेट करायला लावला, तेव्हा शेजारी पेढे द्यायला निघाली होती. इराणमध्ये त्याची माणसं ओलीस धरली गेली, सोडवायला गेलेली हेलिकॉप्टरं वाळवंटात कोसळली, तेव्हा दोन दिवस ती गप्प होती. तो निवडणूक हरला. आणि नव्या माणसाने शपथ घेतल्यावर काही मिनिटांतच ते ओलीस सुटले. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा दीड वर्षाच्या सुरुचीला मांडीवर थोपटत विमल म्हणाली, "केलं यानं आणि सुटले त्याच्या नावावर." पद्माकर पुढे दरवर्षी वर्गात अमेरिकेचं अध्यक्षपद शिकवायचा, पण या एका वाक्यापेक्षा नेमकं त्याला कधी काही सांगता आलं नाही.

पंच्याऐंशी साली तो स्वतः नगरपालिकेला उभा राहिला होता. अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन. विमल पायांना फोड येईपर्यंत चाळीचाळींतून हिंडली. तो पडला, आणि नुसता पडला नाही, त्याच्या स्वतःच्या गल्लीनेही त्याला मतं दिली नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. एके दुपारी विमल ओलं फडकं घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, शेंगदाणेवाले हरल्यावर गरिबांची घरं बांधायला हातोडा घेऊन जातात असं तुम्हीच सांगितलंत, तुम्ही निदान पंखा पुसा. त्याने पुसला. स्टुलावर चढून पात्यावरची धूळ काढताना हसू आलं आणि रडूही. त्याला आता कळत होतं, की त्याचा कार्टर नेहमी मोठ्या मोठ्या शब्दांतला होता, नैतिकता, मानवी हक्क, पराभवातली शालीनता. तिचा कार्टर हा बायको असलेला एक माणूस होता. म्हणून पुढे जे व्हायचं होतं ते तिलाच आधी दिसलं. मागच्या नोव्हेंबरात कार्टरची बायको गेली. तो मरणार म्हणून सगळे थांबलेले, आणि गेली ती. सत्त्याहत्तर वर्षांचा संसार. तिच्या अंत्यविधीला त्याला चाकाच्या खुर्चीत मागे रेलवून आणलं होतं, पायांवर ब्लँकेट, उघडं राहिलेलं तोंड, नजर कुठेतरी वर. पद्माकर आणि विमल याच खोलीत टीव्ही पाहत होते. विमलच्या हातात पद्माकरच्या पाण्याचा मोजलेला पेला होता, दिवसाला ठरलेलं तेवढंच पाणी त्याला मिळायचं. ती बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बघा. त्याचं करून करून गेली." आणि हसली, आणि पेला त्याच्या हातात देऊन मेथी निवडायला गेली. त्याने तिला हाक मारायला हवी होती. काय म्हणायचं ते सुचलं नाही म्हणून त्याने आवाज वाढवला. टीव्हीचा.

एप्रिलमध्ये विमल गेली. सकाळी मागच्या अंगणात त्याच्याच चादरी वाळत घालताना. डोक्यातली एक शीर फुटली, काही कळलंही नसेल असं सगळे म्हणाले. तो आत झोपेतून जागा होऊन तिला हाका मारत होता. घसा कोरडा पडला होता. एकदा, दोनदा, मग चिडून. त्याच्या हाकांमधली ती चीड या खोलीच्या भिंतींत अजून होती, दुपारी घर रिकामं झालं की ती बाहेर यायची. सुरुचीने कल्याणला फोन लावला तर तिने नुसतं "काका" म्हटल्यावर भास्कर हुंदके देऊ लागला. दादा गेला ना, सुटला बिचारा, असं म्हणू लागला. सुरुचीला त्याला थांबवून सांगावं लागलं, की बाबा नाही, आई. फोन स्पीकरवर होता. मग भास्करने विचारलं, "वहिनी? वहिनी कशा काय?" ते 'कशा काय' पद्माकरने नंतर प्रत्येकाच्या तोंडावर पाहिलं. स्मशानात त्यालाही चाकाच्या खुर्चीतून नेलं, कुणीतरी गुडघ्यांवर शाल टाकली, आणि भेटायला येणारी मराठी मंडळी आधी त्याच्याकडे आणि मग शवपेटीकडे बघत होती, पेटीवर नाव चुकलंय की काय अशी.

टेस येऊन गेली त्या संध्याकाळी सलिल आणि सुरुची स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. त्याचे कान शाबूत होते, हा एक शापच होता. सुरुचीची बिनपगारी रजा संपत आली होती, लॅबवाले आता थांबणार नव्हते. आईची जागा घ्यायला कोण, असं सलिल म्हणत नव्हता. तो भला माणूस होता. तो केलीव्हिलच्या एका वृद्धाश्रमाबद्दल सांगत होता, त्याच्या ऑफिसातल्या कुणाचे सासरे तिथे आहेत, शाकाहारी जेवण मिळतं, आठवड्यातून एकदा भजन असतं. सुरुची म्हणाली, टीम येत होती तोवर ठीक होतं रे, मला वाटायचं आता थोडेच दिवस. आणि एकदम थांबली. नळ सुटला, भांडी वाजली. मग रुचा त्याच्या खोलीत येऊन पलंगावर बसली. युनिव्हर्सिटीत ती राजकारणच शिकत होती. हातातल्या फोनवर बघत तिने सांगितलं की कार्टर पुढच्या आठवड्यात शंभर वर्षांचा होतोय. त्याचा नातू म्हणाला की त्याला शंभरीचं काही नाही, नोव्हेंबरच्या निवडणुकीत मत देता यावं एवढ्यासाठी तो जगतोय.

"आजोबा, व्हॉट अबाउट यू?" तिने अगदी सहज विचारलं. "तुम्ही कशासाठी थांबलाय?"

या देशात त्याला मत नव्हतं. कल्याणच्या यादीत नाव असलंच तर ते मेलेल्यांच्या शेजारी असेल. तिने वाट पाहिली, त्याच्या कपाळावर ओठ टेकवले आणि गेली. थांबलोय कुठे, त्याला ओरडावंसं वाटलं, मला कुणी नेत नाही. छाती नियमित वरखाली होत होती. विमलने सव्वा वर्ष सकाळी वजनकाट्यावर उभं करून, गोळ्या मोजून, मीठ वजा करून हे शरीर एवढं नीट दुरुस्त केलं होतं, की ते आता तिच्याशिवायही चालत होतं. स्वतः जाताना तिने आपल्या जागी त्याला ठेवून दिलं होतं.

मंगळवारी सुरुची दोन तासांसाठी लॅबमध्ये साहेबांना भेटायला गेली. घरात कुणी नव्हतं. पद्माकर भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेला. त्याने ठरवलं असं काही नव्हतं. वरच्या कपाटात मागे, डाळीच्या डब्यांआड त्याला एक काचेची बरणी दिसली. तोंडाला पांढरं फडकं, दोऱ्याने बांधलेलं, गाठ विमलची. लिंबाचं लोणचं. ती मार्चमध्ये शेजारच्या ग्रीक बाईच्या झाडाची लिंबं आणून फोडी करत बसली होती, ते त्याला आठवलं. मीठ म्हणजे तुमचं विष, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि विमलने घरातलं लोणचं, पापड, फरसाण त्याच्या नजरेआड केलं होतं. दोन्ही हातांनी त्याने बरणी खाली काढली. दोऱ्याची गाठ सुटेना तेव्हा त्याने ती दातांनी तोडली. पहिली फोड तोंडात गेली आणि जबडा आतून आवळला, डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्याला चव कळली नाही. तो बोटांनी खात होता, चावत होता, गिळत होता, खार ओंजळीत घेऊन पीत होता, एखादं काम उरकावं तसा. हनुवटीवरून, सदऱ्यावरून ओघळ आले. मधेच त्याला जोराची भूक लागल्याचं जाणवलं, आणि त्या भुकेची त्याला इतकी किळस आली की तो आणखी भराभर खाऊ लागला. बरणीच्या तळाशी फक्त मोहरीची डाळ उरली. ती त्याने बोट फिरवून काढली. मग बरणी सिंकमध्ये ठेवून, नळ सोडून, तोंड लावून पाणी प्यायला, पेल्याने न मोजता, पोट दुखेपर्यंत. खुर्चीत बसला आणि वाट पाहू लागला.

सुरुची आली तेव्हा तो बसल्या जागी हवेसाठी तोंड उघडत होता. छातीत कुणीतरी ओली चादर पिळत असल्यासारखा आवाज येत होता. मरण असं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यात काही शांत नव्हतं, शालीन तर मुळीच नव्हतं. तो सुरुचीचा दंड धरून, नखं रुतवून, मान हलवून सांगत होता की बोलाव, कुणालातरी बोलाव. त्याला जगायचं होतं. तेवढ्या वेळात त्याला दुसरं काहीच नको होतं, विमलही नको होती, फक्त हवा हवी होती. अँब्युलन्समध्ये नाकातोंडावर मास्क बसला, हवा आत आली, आणि लाजेने त्याने डोळे मिटून घेतले.

वेस्टमीडला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छातीतलं पाणी उतरलं. वॉर्डातल्या टीव्हीवर आवाज बंद होता. पडद्यावर जॉर्जियातलं ते छोटं गाव दिसत होतं, एका रस्त्याचं. दुकानांवर पताका, झेंडे घेतलेली मुलं, शंभरचा आकडा असलेले केक. तो स्वतः दिसत नव्हता, जुनेच फोटो फिरून फिरून येत होते, शपथ घेताना, सुताराचा पट्टा लावून शिडीवर, बायकोचा हात धरून मोकळ्या रस्त्याने चालताना. पद्माकरला वाटलं, त्या घरात आत एका खोलीत तो माणूस छताकडे बघत असेल, आणि बाहेरची एवढी माणसं त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीबद्दल काही बोलत नसतील. सुरुची आली, पलंगाशी खुर्ची ओढून बसली. ती रागावेल, विचारेल की असं का केलंत, जीव द्यायचा होता का. त्याने उत्तर जुळवून ठेवलं होतं. पण तिने विचारलं,

"बरणी तुम्ही धुतलीत?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. नळ चालूच राहिला होता. सगळं वाहून गेलं असेल.

"ते आईचं होतं बाबा." तिचा आवाज अगदी खाली होता. "शेवटचं. मी एक फोडसुद्धा काढली नव्हती. तिने बांधलेली ती गाठ तशीच ठेवली होती मी. रोज कपाट उघडून बघायचे." तिने ओठ दाबून धरले. "तुम्हाला जायचं होतं, ते मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही सगळं संपवलंत."

त्याच्याजवळचं उत्तर निकामी झालं. एप्रिलपासून ही मुलगी त्याच्या गोळ्या, त्याचं वजन, त्याची टीम, त्याची चादर करत होती. आई गेल्याचं दुःख तिने कधी केलं, कुठल्या वेळात केलं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. या घरातली सगळी रडारड त्याच्या नावाने आधीच वापरून झाली होती. विमलच्या वाट्याला काही उरलं नव्हतं, एक बरणी सोडली तर.

"कसं झालं होतं?" सुरुचीने विचारलं.

तो आठवू लागला. जिवाच्या आकांताने आठवू लागला. आंबट, खारट, बाकी काही हाती लागेना. हिंग होता का, मेथी किती होती, साल मऊ झाली होती की चिवट. त्याला एखादं वाक्य रचता आलं असतं, आयुष्यभर तो तेच करत आला होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मी चव घेतलीच नाही गं," तो म्हणाला.

ड्रिप नसलेला त्याचा उजवा हात चादरीवर होता. तिने तो उचलला. नर्सने पुसून घेतला होता, तरी नखांच्या कडांत हळदीचा पिवळा रंग अडकला होता. सुरुचीने त्याची बोटं आपल्या नाकाशी नेली. श्वास आत घेतला, आणि पुन्हा घेतला, मघापेक्षा खोल. मग त्या हातावर तोंड दाबून ती रडू लागली, लहानपणी रडायची तशी, आवाजाला आवर न घालता, आई, आई म्हणत. पलीकडच्या खाटेवरचा माणूस वळून पाहू लागला. पद्माकरचा दंड पलंगाच्या कठड्यावर वाकडा दाबला गेला होता, खांद्यातून कळ येत होती, बोटं बधिर होत चालली होती. त्याने हात हलवला नाही.